चिमण्यांशी तह

'पाळीव प्राणी' हा शब्द मराठीत ज्या कोणी आणला त्याच्या घरी प्राणी नसावा. असता, तर 'पाळीव माणूस' असाही एक शब्द त्यानं शेजारीच नोंदवून ठेवला असता. आमच्या घरी गेली अकरा वर्षं एक बोका आहे. आम्ही त्याला पाळलं आहे अशी आमची समजूत, आणि त्यानं आम्हांला ठेवून घेतलं आहे अशी त्याची. दोन्ही पक्ष आपापल्या समजुतीवर सुखात आहेत. सकाळी साडेपाचला तो माझ्या छातीवर येऊन बसतो आणि मी जागा होईपर्यंत माझ्याकडे एकटक पाहत राहतो. मी उठलो की माझ्या उबदार जागेवर स्वतः झोपतो. दूध त्याला बशीत लागतं, वाटीत चालत नाही. बशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत लागते, बाहेर ठेवलेली अपमानास्पद वाटते. मासळीकडे ढुंकून पाहत नाही, पण भेळेतल्या शेवेसाठी जीव टाकतो.

त्याचं नाव मामलेदार. हे नाव आमच्या अण्णांनी ठेवलं. अण्णा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. बोका पहिल्यांदा घरात शिरला तेव्हा सगळ्या खोल्यांतून सावकाश फिरला, प्रत्येक वस्तू हुंगून पाहिली, दूध प्याला आणि काहीएक निर्णय न देता निघून गेला. अण्णा टाळी वाजवून म्हणाले, "अरे, हा तर आमचा मामलेदार! दौऱ्यावर आला होता." पस्तीस वर्षांच्या नोकरीत साहेबाला जे बोलता आलं नव्हतं, ते सगळं अण्णांनी पुढली नऊ वर्षं त्या बोक्याला ऐकवलं. बोक्यानं ते मनावर घेतलं नाही. खरा मामलेदारही घेत नाही.

मी स्वतः बँकेत कारकून आहे. हल्ली या पदाला तीन इंग्रजी शब्दांचं नाव आहे, पण काउंटरपलीकडची रांग तीच आहे. शिक्षण बी. कॉम. इतिहासाची आणि माझी फारकत दहावीला झाली आणि त्यात दोघांनाही फारसं दुःख झालं नाही. तरीही हा लेख इतिहासाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून वाचकांनी फसवणुकीची तक्रार करू नये. फक्त माझा इतिहास किल्ल्याच्या दरवाजातून सुरू न होता आमच्या दिवाणखान्यातल्या एका फोटोमागून सुरू होतो.

दोन वर्षांपूर्वी आषाढात अण्णा गेले. त्यांचा फोटो मोठा करून आम्ही दिवाणखान्यात लावला. जुन्या पद्धतीनं, वरून थोडा पुढे झुकलेला, चंदनाचा हार घालून. आई त्यानंतर बोलायची थांबली असं म्हणता येणार नाही. "मीठ दे", "दार लाव", "भाजीत काय घालू" एवढं ती बोलायची. पण बावन्न वर्षं जिचा अर्धा दिवस एका माणसाशी हुज्जत घालण्यात गेला, तिला एकदम समोर कोणी उरलं नाही. ती फोटोसमोर पाटावर बसून राहायची. मामलेदारानं अण्णांची आरामखुर्ची ताब्यात घेतली. त्याला तिथून उठवायचं धैर्य आमच्यात कोणाला झालं नाही.

त्या नोव्हेंबरात मी आईला बँकेत घेऊन गेलो. पेन्शनवाल्यांना दर वर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं लिहून द्यावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. गेली वीस वर्षं मी हे दाखले घेतो आहे, म्हाताऱ्यांना "इथं सही करा आजोबा" म्हणतो आहे, आणि त्यात काही विचित्र आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. आईनं फॉर्म वाचला. मग मला विचारलं, "हे दर वर्षी लिहून द्यावं लागतं?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "आणि नाही दिलं तर?" मी म्हटलं, "तर पेन्शन थांबते." ती म्हणाली, "तेवढंच ना?" आणि तिनं सही केली. मागच्या रांगेतून कोणीतरी "जरा लवकर करा" म्हणालं. ते "तेवढंच ना" माझ्या खिशात बरेच दिवस खोट्या नाण्यासारखं वाजत राहिलं.

पुढल्या मार्चमध्ये चिमण्या आल्या.

मार्च महिना बँकवाल्यांचा कसा जातो हे सांगायला नको. रात्री नवाला घरी आलो तर दिवाणखान्यात जमिनीवर काड्या, दोरे, कापूस, एक बसचं तिकीट आणि माझ्याच हरवलेल्या पावतीचा तुकडा. वर पाहिलं तर अण्णांच्या फोटोमागून गवताची दाढी लोंबत होती. सौ. म्हणाली, "अहो, पाडव्याच्या आधी रंगारी येणार आहे. हे आत्ताच काढा." मी रविवारची तारीख धरली.

रविवारचं युद्ध सकाळी आठला सुरू झालं. प्रथम मी टाळ्या वाजवल्या. चिमण्यांनी तो सत्कार समजला. मग छत्री घेतली; ती पुरेना. मग केरसुणी, ती पुरली, आणि दोन्ही चिमण्या खिडकीतून बाहेर गेल्या. मी विजयी मुद्रेनं चहा मागितला. चहा यायच्या आत चिमणी परत आली. तिच्या चोचीत एक काडी होती. नीट पाहिलं तर मी ज्या केरसुणीनं तिला हाकललं होतं त्याच केरसुणीची ती काडी होती. शत्रूला दारूगोळा पुरवणारा सेनापती मी इतिहासात पहिलाच नसेन, पण माझ्या सोसायटीत पहिला होतो.

शेवटी मी स्टुलावर चढून फोटोलाच हात घातला. तेव्हा पाटावरून आई म्हणाली, "फोटो काढू नकोस."

"अगं, घाण करतात."

"करू दे. यांच्याकडे कुणी राहायला आलं तर हे कधी नको म्हणाले नाहीत. आताही म्हणणार नाहीत."

आठ महिन्यांत तिनं एका दमात बोललेलं ते सगळ्यांत लांब वाक्य होतं. मी स्टुलावरून उतरलो. रंगाऱ्याला पुढली तारीख दिली. दुपारी आईनं दुसरा हुकूम काढला: छताचा पंखा लावायचा नाही, चिमणी कापली जाईल. नगरचा एप्रिल ज्यांनी पाहिला आहे त्यांना या हुकमाचं गांभीर्य कळेल. आमच्याकडे उन्हाळ्यात पंखा हा घरातला कर्ता पुरुष असतो. कन्येचा अभ्यास, सौ.चं शिवण, माझा पेपर, सगळं एका जुन्या टेबलफॅनच्या अडीच फुटांच्या परिघात आलं. पाहुणे यायचे, घाम पुसत छताकडे पाहायचे आणि आमची वीज तोडली असावी अशा सहानुभूतीनं लवकर उठून जायचे.

त्यात नर चिमणीची वेगळीच तऱ्हा. बेसिनवरच्या आरशात त्याला रोज दुसरा नर दिसायचा. त्याच्याशी तो सकाळी सहापासून चोचीनं भांडायचा. मी दाढीला उभा राहिलो की माझ्या कानाजवळून आरशावर झेप. आरशातला नरही तितकाच चिवट निघाला. दोघांपैकी कोणीच माघार घेईना. शेवटी आरशावर टॉवेल टाकून मी अंदाजानं दाढी करू लागलो. तेव्हा त्यानं खाली जाऊन माझ्या स्कूटरचा आरसा शोधला. त्या आरशाला मी पायमोजा घातला. ज्याच्या स्कूटरच्या आरशाला पायमोजा आहे असा आमच्या शाखेत मी एकटा.

हे सगळं मी एकदा काउंटरवर बोलून गेलो. समोर एक मास्तर होते. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, माझे जुने पेन्शनर, दर महिन्याला नवी नोट मागणारे. पैसे मोजता मोजता ते थांबले आणि म्हणाले, "साहेब, हीच लढाई आपल्या किल्ल्यात ऐंशी वर्षांपूर्वी झाली. अशीच छत्रीनं. आणि तीसुद्धा चिमण्यांनीच जिंकली." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक आणून दिलं. मौलाना आझादांचं 'गुबार-ए-खातिर', नागरी लिपीतलं. "अडलं तर विचारा," म्हणाले. पानोपानी अडलो, आणि दर वेळी विचारलं. त्यामुळे त्यांच्यामागची रांग वाढली, पण माझं ज्ञानही वाढलं.

आता खरा इतिहास.

आमचं गाव निजामशाहीची राजधानी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहानं वसवलं म्हणून अहमदनगर. २०२४ साली अहिल्यानगर झालं आणि आमच्या बँकेचे शिक्के बदलले. आम्ही आपसांत पूर्वी 'नगर' म्हणायचो, आताही म्हणतो. किल्ला जवळजवळ गोल, घेर सुमारे पावणेदोन किलोमीटर, भोवती खंदक. चांदबीबीनं १५९५-९६ मध्ये तो मोगलांविरुद्ध लढवला. १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या वेलस्लीनं तो घेतला. आज लष्कराच्या ताब्यात आहे.

प्राण्यांचं म्हणाल तर नगरच्या इतिहासात त्यांना मान आहे. अहमद निजामशहाच्या कबरीजवळ, बागरोजापाशी, गुलामअली नावाच्या हत्तीची कबर दाखवतात. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला त्यानंच पकडलं असं सांगतात. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधीही माहुलीला आहे. म्हणजे हत्तीला कबर मिळते, कुत्र्याला समाधी मिळते. चिमणीला कोणी काही बांधत नाही. ती स्वतःच आपल्या घरात बांधते. पण नगरच्या चिमण्यांना मात्र कबरीहून टिकाऊ असं काही मिळालं. ते असं.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेस पुढाऱ्यांची धरपकड झाली, आणि कार्यकारिणीच्या मंडळींना आमच्या किल्ल्यात आणून ठेवलं. पंडित नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव असे मिळून बारा जण. अध्यक्ष होते मौलाना अबुल कलाम आझाद. नेहरूंनी इथं १९४४ साली 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे नगरच्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असतं. मौलाना इथं काय करत होते हे विचारलं तर मूल गप्प बसतं. मीही बसलो असतो.

मौलाना पत्रं लिहीत होते. नवाब सदर यार जंग या आपल्या स्नेह्याला लिहिलेली. पण ती पाठवायला परवानगी नव्हती, त्यामुळे लिहायची आणि ठेवून द्यायची. पहाटे तीन-चारला उठायचं, आपल्या हातानं चिनी पांढरा चहा करायचा, बिनदुधाचा, आणि लिहायला बसायचं. आपल्याकडच्या दूध-साखरेच्या चहाला ते पातळ हलवा म्हणत. अमृततुल्यावर वाढलेल्या माझ्यासारख्याला हे झोंबलं. पण पुढं चिमण्या आल्या म्हणून मी त्यांना माफ केलं.

मौलानांच्या खोलीचं छत लाकडी. त्याच्या फटींतून चिमण्यांची वस्ती, आणि तोंड धुवायच्या टेबलाच्या नेमकं वर घरटं. दिवसभर चिवचिवाट, कचरा, काड्या. देशाच्या सर्वांत मोठ्या पक्षाचा अध्यक्ष, ज्याला ब्रिटिश साम्राज्य घाबरतं, तो छत्री घेऊन उठला. छत्री पुरली नाही. इथं वाचताना मी पुस्तक मिटून जरा वेळ सुखानं बसलो. मग त्यांनी जळमटं काढायचा बांबू मागवला. या लढाईचं वर्णन मौलानांनी थेट शाहनाम्याच्या थाटात केलं आहे: मैदान कसं गाजलं, शत्रू कसा पळाला, आपण कसे विजयी होऊन बसलो. आणि थोड्याच वेळात शत्रू परत. तेव्हा त्यांनी दहशत बसावी म्हणून तो बांबू घरट्याला टेकवून उभा केला. नंतर येऊन पाहतात तो चिमणी त्याच बांबूवर बसून गात होती.

माझी केरसुणीची काडी आणि त्यांचा बांबू एकाच जातीचा. मला पहिल्यांदाच मी इतिहासात कुठंतरी आहे असं वाटलं.

यानंतर मौलानांनी जे केलं ते मात्र मला सुचलं नव्हतं. त्यांनी तह केला. तांदळाचे दाणे मागवले, थोडे जमिनीवर टाकले आणि दगडासारखे बसून राहिले. एक चिमणी आली, मान वाकडी केली, दाण्याकडे पाहिलं, माणसाकडे पाहिलं, मागं गेली, पुन्हा आली. कर्ज घ्यावं की न घ्यावं असा विचार करणाऱ्या गिऱ्हाइकाची चाल मी रोज पाहतो, हुबेहूब तीच. मग मौलाना रोज दाणे थोडे अलीकडे सरकवत गेले. जमिनीवरून टेबलावर, टेबलावरून हाताशी. काही दिवसांनी चिमण्या तळहातावरचे दाणे टिपू लागल्या.

तह झाल्यावर नावं आली. जो सगळ्यांत आधी धीट झाला तो 'कलंदर'. जो सतत छाती काढून भांडायचा तो 'मुल्ला'. त्याच्या उलट, आपल्याच तंद्रीत गप्प बसणारा 'सूफी'. आणि एक देखणी चिमणी, तिचं नाव 'मोती'. आमच्याकडे मोती हे नाव कुत्र्याचं. आमच्या आजोळच्या मोत्यानं तीन पोस्टमन बदलायला लावले. पण मौलानांची मोती निराळी. तिचं पिल्लू घरट्यातून खाली पडलं. पंख झाकून, डोळे मिटून नुसतं पडून राही. आई भरवी तेव्हढंच तोंड उघडी. आणि मग एकदा अचानक, कोणी शिकवल्याशिवाय, उडालं. मौलानांना त्यात एक मोठा अर्थ सापडला: पंख होतेच, ते आपल्याला आहेत हे फक्त कळायचं राहिलं होतं. तुरुंगातला माणूस हे लिहितो तेव्हा ते केवळ पिल्लाबद्दल नसतं, हे बी. कॉम.वाल्यालाही कळतं.

नावं ठेवायची मौलानांना हौसच. तुरुंगाच्या साहेबाचं नाव त्यांनी 'चीताखान' ठेवलं. चांदबीबीच्या काळात याच किल्ल्यात एक चीताखान होता, त्याच्यावरून. हे वाचलं तेव्हा मला अण्णा आठवले. ज्या साहेबापुढं बोलता येत नाही त्याला एक नाव ठेवावं, म्हणजे त्याचं ओझं जरा कमी होतं. अण्णांनी साहेबाचं नाव बोक्याला दिलं, मौलानांनी किल्लेदाराचं नाव साहेबाला. हिशेब एकच, फक्त जमा-नावेची बाजू उलटी.

नेहरूंचाही हा व्यवहार जुनाच. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी तुरुंगातल्या प्राण्यांवर एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं आहे. ते वाचत निश्चल बसले की खारी त्यांच्या पायावरून चढत आणि तोंडाकडे पाहत. हे झाड नव्हे हे लक्षात आल्यावर पळत सुटत. आई हरवलेल्या खारीच्या पिल्लांना त्यांनी फाउंटन पेनात शाई भरायच्या नळीला कापूस लावून दूध पाजलं. थोर माणसं तुरुंगात प्राण्यांकडे का वळतात, असा प्रश्न मला पडला. मास्तर म्हणाले, "साहेब, तुरुंगात माणसाचं कोणी काही ऐकत नाही. मग जे हुकूम मानत नाहीत, तेच बरे वाटतात."

आता जमेची बाजू संपली.

चिमण्यांची पत्रं मार्च १९४३ ची आहेत. त्याच सुमारास कलकत्त्याला मौलानांच्या पत्नी, झुलेखा बेगम, अत्यवस्थ होत्या. आदल्या ऑगस्टच्या आरंभी ते मुंबईच्या बैठकीसाठी घरून निघाले तेव्हा त्या दारापर्यंत निरोप द्यायला आल्या होत्या. तीच शेवटची भेट. दुखणं वाढल्याच्या बातम्या वर्तमानपत्रातून येऊ लागल्या. तुरुंगाच्या साहेबानं सांगितलं, सरकारकडे काही मागायचं असेल तर लगेच कळवतो. नेहरूंनीही विषय काढला. मौलाना म्हणाले, सरकारकडे काही मागायचं नाही. आणि रोजचा क्रम त्यांनी तसाच ठेवला: तीच वेळ, तोच चहा, तेच जेवणाचं टेबल. पण पेपर यायची वेळ झाली की काळजात काय होई, आणि तरी चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून किती खटाटोप करावा लागे, हे त्यांनी पत्रात स्वतःच लिहून ठेवलं आहे.

९ एप्रिल १९४३ ला त्या गेल्या. छत्तीस वर्षांचा संसार आणि शेवटी एक तार. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात मौलाना किल्ल्याच्या आवारातल्या एका जुन्या कबरीचा उल्लेख करतात. कोणाची ते माहीत नाही. येता-जाता शेकडो वेळा दिसलेली. पण आता तिच्याकडे पाहताना काही निराळंच वाटू लागलं आहे, असं लिहितात.

त्या सकाळी चिमण्यांना तांदूळ पडले का? मला आपलं वाटतं, पडले असणार. ज्या माणसानं चहाची वेळ चुकवली नाही तो दाण्यांची चुकवणार नाही. आणि कलंदर, मुल्ला, सूफी, मोती नेहमीसारखे आले असतील. त्यांना कोणी तार केलेली नव्हती. ते सांत्वनाला आलेले नव्हते, दाणे टिपायला आले होते. माणूस सांत्वनाला आला की आपल्याला त्याचंही सांत्वन करावं लागतं. चिमणीचं तसं नसतं.

हे मी रात्री वाचलं. पहाटे साडेपाचला मामलेदार छातीवर बसला. उठून दिवाणखान्यात गेलो तर आई जागी. फोटोखाली, जमिनीवर, तांदळाच्या कण्या टाकून ती पाटावर अगदी निश्चल बसली होती. मौलानांचं पुस्तक तिनं वाचलेलं नाही. तिला मी काही सांगितलंही नव्हतं. मग ही युक्ती तिला कोणी सांगितली? मला वाटतं, ती कोणीच कोणाला सांगत नसावं.

पुढचे सगळे महिने आमच्या घराचं वेळापत्रक चिमण्यांनी लावलं. पिल्लांना दाणे चालत नाहीत, अळ्या आणि किडे लागतात, हे आम्हांला आईकडून कळलं. चिमणी कुंड्यांतून काय काय उचलून आणते याची ती नोंद ठेवायची. दुपारी चिमण्या तुळशीच्या मातीत धूळ-अंघोळ करायच्या आणि सौ. ती माती रोज परत भरायची. मामलेदाराची सगळ्यांना धास्ती होती. पण तो आरामखुर्चीतून मान न उचलता एक डोळा उघडायचा, प्रकरण पाहायचा आणि पुढल्या तारखेवर टाकायचा. अकरा वर्षांच्या नोकरीनंतर त्याचीही निवृत्ती जवळ आली असावी. तरी कण्या टाकायच्या वेळी आई त्याला स्वयंपाकघरात कोंडायची. मामलेदारावर भरवसा ठेवू नये, हे महसूल खात्याच्या बायकोला सांगावं लागत नाही.

आणि आई भांडू लागली! नराला म्हणायची, "आरशाशी काय भांडतोस, बाईला जरा मदत कर." मादीला म्हणायची, "अगं, काडी केवढी, दार केवढं!" हळूहळू फोटोकडे पाहूनही बोलू लागली: "बघा, तुमच्या डोक्यावर किती पसारा मांडलाय. पण तुम्ही काही बोलायचे नाहीत. जन्मात कधी पाहुण्याला बोलला नाहीत." बावन्न वर्षांची हुज्जत पुन्हा चालू झाली. पलीकडची बाजू चिमण्या सांभाळत होत्या. कन्येनं मला सांगितलं, वीस मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं २०१० पासून साजरा होतो. मी म्हटलं, "आपल्याकडे तो रोज असतो. म्हणून तर पंखा बंद आहे."

मे महिन्याच्या सुट्टीत मी कन्येला घेऊन किल्ल्यात गेलो. पुढाऱ्यांच्या खोल्या पाहिल्या. बाकीची मंडळी भिंतीवरचे फोटो पाहत होती. आम्ही दोघं मात्र छताकडे माना वर करून उभे. एका गृहस्थांनी विचारलं, "वर काय आहे?" मी म्हटलं, "इतिहास." त्यांनीही वर पाहिलं, त्यांच्या मंडळींनीही पाहिलं. कोणाला काही दिसलं नाही. बाहेर झाडीत मात्र चिवचिवाट चालला होता.

मग नोव्हेंबर आला.

आईला घेऊन पुन्हा बँकेत गेलो. आता अंगठा ठेवायचं यंत्र आलेलं आहे. आईनं अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, जुळत नाही. पुसून ठेवला. जुळत नाही. दुसरं बोट, तिसरं बोट, नाही. म्हाताऱ्या बायकांचं हे नेहमीचं आहे. साठ वर्षं भांडी, धुणी, चूल यांत बोटांच्या रेषा झिजून जातात, आणि मग यंत्राला माणूस ओळखू येत नाही. गेल्या वर्षीचं "तेवढंच ना" आठवून माझ्या पोटात गोळा आला. पण आई यंत्राकडे पाहून म्हणाली, "याला ओळख पटत नाही का? मग माझी सही घे आणि मला लवकर घरी सोड. अकरा वाजले. ती दोघं वाट पाहत असतील."

मी कागदी फॉर्म काढला. तिनं सही केली. गेल्या वर्षीपेक्षा मोठी, रेघ ओढून. रिक्षा करून मी तिला घरी सोडलं. चपला काढायच्या आत तिनं कण्यांचा डबा उघडला, खिडकीशी बसली आणि हात पुढं केला. मामलेदार स्वयंपाकघरात कोंडलेला, आतून अर्ज करत होता. चिमणी खिडकीच्या गजावर आली, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, माझ्यावर तिचा विश्वास अजूनही नाही, आणि मग उडी मारून आईच्या तळहातावर बसली. ज्या हाताच्या रेषा यंत्राला सापडल्या नाहीत त्याच हातावर बसून तिनं निवांतपणे चार दाणे टिपले.

मी हाफ डे टाकून तिथंच उभा राहिलो. फॉर्मवर 'समक्ष पाहून खात्री केली' असा एक रकाना असतो. त्यात सही माझी आहे. खरं म्हणजे ती तिची घ्यायला हवी होती.